कर्ज, बेकारी, आजारपण आणि तरी टिकलेला संसार: कोणते चित्रपट बघावेत, कोणते नकोत

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंनी विचारलंय: लग्नाला नऊ वर्षं झाली. घरात चार यंत्रमाग होते. दोन विकले, उरलेले दोन कधी चालतात, कधी बंद. सोसायटीचं कर्ज आहे, वर बायकांच्या बचत संघाचा आठवड्याचा हप्ता. भांडण म्हणावं तर तेही होत नाही. नवरा जेवतो, फोन बघतो, झोपतो. "हालात दिवस काढूनही ज्यांचा संसार मोडला नाही अशा जोडप्यांचे चित्रपट सांगा, दोघं बसून बघू म्हणते. सासूबाई घरातच असतात, त्यांना कन्नड जास्त कळतं. आणि उगाच रडवणारे नकोत."

ताई, तुमची शेवटची अट मला फार आवडली. तिच्यामुळे निम्मी यादी आपोआप गळून पडते.

मी बेळगावात बरीच वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. वडगाव-खासबागपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंतची जोडपी येतात. लग्न ठरलेल्या मुलामुलींच्या शिबिरांत आणि कधी कधी अबोला धरलेल्या जोडप्यांसमोरही मी सिनेमातले तुकडे लावते. स्वतःच्या घराबद्दल बोलायला जड जातं ते माणूस पडद्यावरच्या घराबद्दल सहज बोलतो. म्हणून तुमची कल्पना चांगलीच आहे, फक्त सिनेमा निवडताना जरा चोखंदळ राहायला हवं.

संकटात टिकलेला संसार म्हटलं की आपल्याकडे पटापट सुचणाऱ्या बऱ्याच चित्रपटांत सोसणारी एकटी बायको असते. नवरा पितो, उडवतो, मारतोसुद्धा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिच्या पायाशी बसून रडतो. थिएटरात बायका पदर डोळ्याला लावतात, आणि घरी गेल्यावर सासू सुनेला म्हणते, 'बगितलंस का तिनं कसं सोसलं?' असले चित्रपट मी शिबिरात लावत नाही. तिथं टिकलेली असते ती बाईची सहनशक्ती, आणि तिलाच संसार म्हणण्यात सगळ्यांची सोय असते.

माझी कसोटी साधी आहे. घरावर आलेल्या संकटाचा खरा आकडा दोघांनाही ठाऊक आहे का? कर्ज किती, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, नोकरी कधी गेली. ज्या चित्रपटात हे दोघांना माहीत असतं तिथला संसार दारिद्र्यातही उभा राहतो, आणि जिथं एकानं लपवलेलं असतं तिथं पैसा येऊनही कोसळतो. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांतही बहुतेक वेळा हेच दिसतं. खानापूरकडचा नवरा आठवडाभर गोव्यात कामाला असतो, शनिवारी चोर्ला घाटातून घरी येतो, आणि बायकोला महिनोन्महिने कळत नाही की त्याचा पगार निम्म्यावर आलाय. तिला राग पगाराचा येत नाही.

या कसोटीला सगळ्यात सरस उतरणारा, आणि तुम्ही पहिला बघावा असा चित्रपट म्हणजे परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला गेलेला. दादासाहेब फाळके नंदू माधव यांनी केलेत, सरस्वतीबाई विभावरी देशपांडे यांनी. धंद्यात भागीदाराशी फिसकटलेला, हातात काही नसलेला माणूस एके दिवशी तंबूत हलती चित्रं बघतो आणि त्या नादानं झपाटतो. घरातलं सामान एकेक करून विकायला निघतं. शेजारीपाजारी त्याला वेड लागलं म्हणतात. डोळे बिघडतात, काही काळ दिसेनासं होतं. पुढं लंडनची वारी, कॅमेरा, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. हा इतिहास शाळेत शिकलेला असतो. पण मोकाशींनी तो सांगितलाय हसत हसत, आणि मला त्यात दिसतो तो एका लग्नाचा चित्रपट.

सरस्वतीबाईंकडे नीट लक्ष ठेवून बघा. त्या फाळक्यांना थांबवत नाहीत, पण 'तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा' असंही त्यांचं नाही. त्या प्रश्न विचारतात. हे यंत्र कसं चालतं, याला पैसे किती, मग पुढं काय. आणि उत्तर कळलं की कामाला लागतात. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडायचं किचकट काम सरस्वतीबाईंनी केलं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी सांभाळला, ही नोंदलेली गोष्ट आहे. कपाट विकलं जातं तेव्हा ते का विकलं हे त्या घरात पोरांनासुद्धा माहीत असतं. म्हणून ते घर रिकामं होत जातं तरी उदास होत नाही. मागवाल्यांच्या घरात हा चित्रपट लगेच कळतो. कांड्या भरण्यापासून साडीची घडी घालण्यापर्यंत बायकांचे हात लागल्याशिवाय आपल्याकडे मागाचा धंदा झालाय कुठं? फक्त व्यापाऱ्याकडे किती अडकलंय ते मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

आता याच्या शेजारी रवी जाधवांचा 'नटरंग' (२०१०) ठेवा. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. गुणा कागलकर हा शेतमजूर, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की पलीकडच्याच गावचा माणूस. त्यालाही फाळक्यांसारखंच कलेचं वेड आहे, आणि गंमत म्हणजे इथंही त्याची बायको विभावरी देशपांडेच. फाळक्यांच्या घरात आनंदानं फिल्मला भोकं पाडणारी ती इथं पूर्ण तुटलेली दिसते. दोन्हीकडे वेड सारखं, गरिबी जवळपास सारखी. पण फाळक्यांनी वेडात बायकोला भागीदार केलं, आणि गुणानं बायकोला गृहीत धरलं. तमाशात नाच्याची भूमिका करायची, लोक काय म्हणतील, घराचं काय होईल, हे तो घरात बोलून ठरवत नाही. तिच्या कानावर सगळं बाहेरून येतं. शिबिरात मी या दोन चित्रपटांतले घरातले प्रसंग एकामागून एक लावते आणि विचारते, फरक कुठं पडला? मुलं म्हणतात नशीब. मुली बरोबर ओळखतात. 'नटरंग' वाईट चित्रपट नाही, अतुल कुलकर्णींचं काम तर बघत राहावं असं आहे. पण तुम्ही आत्ता मागताय त्या जातीचा तो नाही. फाळके बघून झाल्यावर महिन्याभरानं बघा.

दुसरा चित्रपट हिंदी, गुलजारांचा 'कोशिश' (१९७२). संजीवकुमार आणि जया भादुरी, दोघंही बोलू-ऐकू न शकणारे. संजीवकुमारांना यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तुमच्या सासूबाईंसाठी तर हा अगदीच सोयीचा, कारण मुख्य दोघांना संवादच नाहीत, सगळं हातवारे आणि चेहऱ्यावर. भाषेची अडचण नाही. इथं थोडी सूचना देऊन ठेवते: त्यांचं पहिलं मूल जातं, आणि का जातं तर त्याचं रडणं त्यांना ऐकू येत नाही. तो भाग जड आहे. पण त्यानंतर दुसऱ्या मुलाच्या वेळचा जो प्रसंग आहे त्यासाठी हा चित्रपट बघायचा. मूल ऐकतं की नाही हे बघायला बाप खुळखुळा वाजवतो. मूल वळून बघत नाही. दोघांचं काळीज फाटतं. धावत डॉक्टरकडे जातात, आणि तिथं कळतं की त्या खुळखुळ्यात वाजण्यासारखं काही नव्हतंच. या दोघांना ते कळणार कसं?

हा प्रसंग मी कितीतरी जोडप्यांना दाखवलाय. मला त्यात विनोदापेक्षा वेगळं काही दिसतं. ज्या दोघांना बोलता येत नाही ते सबंध चित्रपटभर एकमेकांना काही ना काही सांगत असतात. भीती वाटली की सांगतात, चिडले की सांगतात, बाजारात काय झालं ते सांगतात. एकमेकांच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्यांचं चालतच नाही. फोनकडे बघत 'हूं' म्हणायची सोय त्यांना नाही. चित्रपटाचा शेवट मात्र मला पटत नाही. बाप तरुण मुलावर लग्नाचा एक निर्णय जवळजवळ लादतो आणि दिग्दर्शक त्याला उदात्त ठरवतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी मोठी असेल तर त्यावर घरात चांगला वाद होईल. होऊ दे की.

तिसरं नाव लिहिताना जरा थांबून लिहिते, कारण ते तुमच्या घराच्या फार जवळचं आहे. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). विदर्भातलं कापसाचं शिवार. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलीय. अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी, हिच्या मनात येतं की आपला नवरा किसनाही गप्प गप्प असतो, तोही असं काही करेल का? किसना झालेत गिरीश कुलकर्णी. ती त्याला विचारत नाही. त्याच्यावर पहारा ठेवते. पोराला बापाच्या मागं पाठवते. सासूला, ज्योती सुभाष यांनी केलेली, लक्ष ठेवायला सांगते. घरात पैसा नसताना त्याच्या आवडीचं करून वाढते. आणि किसनाला कळत नाही की हे सगळे आपल्याभोवती असे का घोटाळतायत. तो वैतागतो, कावतो. विषय इतका भयंकर असून चित्रपट तुम्हाला चक्क हसवतो, आणि हसता हसता पोटात गोळा येतो.

मनवरांचं मोठेपण असं की त्यांनी कुणालाच वाईट ठरवलेलं नाही. अलकाचं प्रेम खरं आहे. किसनाची जिद्दही खरी आहे. तो मरायला निघालेला माणूस नाहीच, तो पुन्हा पेरणी करायला निघालेला माणूस आहे. बियाणं, पाऊस, वीज, उधारी, एकेक दार तो ठोठावतोय. पण तिला त्याच्या डोक्यातली जुळवाजुळव माहीत नाही आणि त्याला तिच्या मनातली भीती माहीत नाही. 'कोशिश'मधल्या मुक्या जोडप्याहून हे बोलणारं जोडपं जास्त मुकं आहे. अथणी-रायबागकडच्या ऊसवाल्यांच्या बायकांपुढे या चित्रपटाबद्दल बोलले, तेव्हा एकीनं लगेच विचारलं, "मग तिनं काय विचारायचं हो? मरणार हाय काय म्हणून?" तिचा प्रश्न खरा होता.

याचं उत्तर मी देते, कारण तुम्हालाही ते लागेल. होय, विचारायचं. 'तुमच्या मनात जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का' असं सरळ, हळू आवाजात, दोघंच असताना विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट बऱ्याचदा माणूस सुटकेचा श्वास सोडतो. आणि उत्तर 'हो' आलं, किंवा 'नाही' आलं पण तुम्हाला पटलं नाही, तर सिनेमा-बिनेमा बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यायची. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, रात्रंदिवस चालते. त्या रात्री माणसाला एकटं ठेवायचं नाही. 'गाभ्रीचा पाऊस' तुम्ही आधी एकटीनं बघा. शेवट सांगत नाही, पण तो सोपा नाही. नवऱ्यासोबत बघायचा की नाही ते बघून झाल्यावर ठरवा. नाहीच बघितला दोघांनी, तरी चालेल.

सासूबाईंचा प्रश्न. त्यांना बाजूला बसवून दोघांनी बघायचं म्हटलं तर शहापुरातल्या घरात ते जमणार नाही, मला माहीत आहे. तेव्हा एक चित्रपट त्यांच्या हक्काचा निवडा. बी. आर. पंतुलू यांचा १९५८ चा कन्नड 'स्कूल मास्टर'. पंतुलू आणि एम. व्ही. राजम्मा यांची जोडी. आयुष्यभर शिकवलेला मास्तर निवृत्त होतो, आणि म्हातारा-म्हातारीची मुलांमध्ये वाटणी होते, तो एकाकडे, ती दुसऱ्याकडे. याच वळणाची गोष्ट मराठीत राजा परांजपे यांनी १९५४ साली 'ऊन पाऊस'मध्ये सांगितलीय. पुढं हिंदीनं हा विषय इतका वापरला की तुम्हाला सगळं ओळखीचं वाटेल. सीमाभागातल्या घरात हे बरं असतं, सासूनं कन्नडमधला बघावा, सुनेनं मराठीतला, आणि मग स्वयंपाकघरात बसून कोणता मास्तर जास्त सोशीक यावर भांडावं.

पण या म्हाताऱ्यांच्या चित्रपटांबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि त्यात 'नटसम्राट'ही आला. हे सगळे चित्रपट मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात, त्यामुळे घरातली वडील माणसं तो बघून उठतात ती तुमच्याकडे रोखून बघतच. 'नटसम्राट' लग्नाचा चित्रपट म्हणून बघितला तर फार सुंदर आहे. आप्पासाहेब बेलवलकर बायकोला 'सरकार' म्हणतात, आणि कावेरी त्यांना वेळीच सांगत असते की सगळं वाटून टाकू नका. ती बरोबर असते. तिचं ऐकलं जात नाही, तरी दार बंद झाल्यावर ती त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरते. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, महेश मांजरेकरांचा चित्रपट २०१६ चा. नाना पाटेकरांच्या आवाजापुढं मेधा मांजरेकरांची कावेरी कमी बोलते, तरी दरवेळी मी तिच्याचकडे बघते. पण तुम्ही रडवणारे नकोत म्हणालात. हा रडवतो. नको.

सासूबाईंना आवडेल आणि तुम्हालाही हसवेल असा जुना मराठी हवा असेल तर प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६). होय, संतपट. हसू नका. प्रभातची सुरुवात १९२९ साली कोल्हापुरात झाली, हा चित्रपट निघेपर्यंत कंपनी पुण्याला गेली होती, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची जगातल्या मोजक्या उत्तम चित्रपटांत गणना झाली. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम सगळ्यांना ठाऊक आहे. पण चित्रपट खरा खाऊन टाकलाय तो आवलीनं. ते काम करणारी गौरी ही काही नावाजलेली नटी नव्हती, प्रभातमध्ये काम करणारी साधी बाई. तिच्या अंगातच ती भूमिका होती असं वाटतं.

आवली नवऱ्याला ओरडते. देवाला ओरडते. पोर आजारी पडलं तर पायताण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. घरात दाणा नाही आणि हा मिळालेलं वाटून येतो, हे ती साऱ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते. आणि तीच बाई तो डोंगरावर जाऊन बसला की भाकरी घेऊन त्याला शोधत जाते. मुख्य म्हणजे या घरात काहीही लपलेलं नाही. तुकारामाचं काय चाललंय ते तिला माहीत आहे, तिला काय वाटतं ते त्याला माहीत आहे, आणि पटलेलं मात्र कुणालाच नाही. दोघंही आपापल्या जागी अडून आहेत. तरी ते लग्न जिवंत आहे. भांडण होतंय म्हणजे संसार मोडतोय असं समजून घाबरून येणाऱ्या नव्या नवऱ्या-बायकोंना मी आवली दाखवते. तुमच्या घरात भांडण होत नाही असं तुम्ही लिहिलंत ना, मला त्याचीच काळजी जास्त वाटली.

बाकीची थोडक्यात सांगते. महेश भट्टांच्या 'सारांश'मध्ये (१९८४) परदेशात मारल्या गेलेल्या एकुलत्या एका मुलाच्या अस्थींसाठी खेटे घालणारे प्रधान मास्तर आणि त्यांची बायको आहे. रोहिणी हट्टंगडींनी केलेली पार्वती त्या दुःखात एका भ्रमाला धरून बसते, आणि नवरा तिच्यावरच्या प्रेमापोटी तो भ्रम तोडतो. खरं सांगणं कधी कधी किती क्रूर असतं आणि तरी का सांगावं लागतं, हे इतकं सरळ मी दुसऱ्या हिंदी चित्रपटात पाहिलेलं नाही. अनुपम खेर तेव्हा तिशीच्याही आतले होते हे आजही खरं वाटत नाही. उत्तम चित्रपट, पण मूल गमावलेल्या कुणाला मी तो न विचारता दाखवणार नाही.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' खरं तर स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांचा आणि मुलीचा. पण त्यात हत्ती घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माहुताची बायको चन्नम्मा आहे, अमृता सुभाष यांनी केलेली, कन्नड बोलणारी. त्यांना यासाठी सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. स्वतःच्या पोटाची भ्रांत असलेल्या घरात ती एका हरवलेल्या म्हाताऱ्याला लेकरासारखं ठेवून घेते. सासूबाईंना या बाईसाठी तरी हा दाखवाच.

पैशापेक्षा जागेची अडचण हा ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी 'मुंबईचा जावई' (१९७०), चाळीच्या खोलीत नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायलाही आडोसा नाही त्याची गोष्ट. त्याचाच हिंदी अवतार बासू चटर्जींचा 'पिया का घर' (१९७२). हलकेफुलके आहेत, आणि ज्या घरात आजी, दीर, नणंद, पोरं आणि माग सगळं एका छपराखाली आहे त्या घराला ते हलके वाटत नाहीत.

खऱ्या माणसांवरचे चित्रपट मात्र जरा सावध राहून बघा. 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' (२०१४) बिनघोर बघावा. हेमलकशाच्या जंगलात १९७३ पासून दोघा डॉक्टरांनी मिळून उभं केलेलं काम आहे ते, आणि २००८ चा मॅगसेसे पुरस्कारही प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोघांना मिळून मिळालाय. 'आनंदी गोपाळ' (२०१९) देखणा आहे. पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई कोल्हापूरच्या इस्पितळात रुजू व्हायच्या होत्या, त्याआधीच १८८७ साली गेल्या, त्यामुळे आपल्या भागाला ती गोष्ट जवळची वाटते. पण आनंदीबाईंच्या स्वतःच्या पत्रात लहान वयात नवऱ्याकडून सोसलेल्या मारहाणीचा उल्लेख आहे. 'तिच्या भल्यासाठीच मारायचा' असं हा चित्रपट बघून कुणी म्हणालं तर ते तिथल्या तिथं खोडून काढा. इंग्रजीत 'अ ब्यूटिफुल माइंड' (२००१) लोकांना आवडतो, गणितज्ञ जॉन नॅश आणि त्यांची बायको अॅलिसिया. चित्रपटात ती खंबीरपणे शेवटपर्यंत सोबत राहते. प्रत्यक्षात १९६३ साली त्यांचा घटस्फोट झाला होता, पुढं काही वर्षांनी तिनंच त्यांना पुन्हा घरात आसरा दिला, आणि २००१ साली त्यांनी पुन्हा लग्न केलं. मला तर खरी गोष्टच जास्त आवडते. मनोरुग्ण नवऱ्यापुढं थकून बाजूला झालेली आणि तरी त्याला रस्त्यावर न सोडलेली बाई पडद्यावर दाखवायला कुणाला धीर झाला नाही, एवढंच.

आता बघायचं कसं. रविवारी दुपारी बघा, वीज असली तर. रात्री नको, दिवसभर दमलेला माणूस पंधरा मिनिटांत घोरायला लागतो आणि मग तुम्हाला वाटतं त्याला रसच नाही. एका बैठकीत संपवायची गरज नाही. नवऱ्याला 'हा बघा, यातनं आपल्याला शिकायचंय' असं चुकूनही सांगू नका. तसं सांगितलेला चित्रपट आजवर कुठल्याही नवऱ्यानं धड बघितलेला नाही. फाळक्यांचा आहे, मजेचा आहे, इतकंच म्हणा. बघताना त्याच्या तोंडाकडे सारखं बघू नका. सासूबाईंना मधेमधे कन्नडमध्ये सांगायचं काम त्यालाच द्या. आईला गोष्ट समजावून सांगताना माणूस ती स्वतःच्या तोंडानं बोलतो, आणि कपाट का विकलं हे त्यालाच सांगावं लागतं.

संपल्यावर लगेच चर्चा नको. दुसऱ्या दिवशी, कांड्या भरताना किंवा चहा घेताना, एकच प्रश्न टाका: सरस्वतीबाईंना सगळा हिशोब माहीत होता, आपल्यात मला किती माहीत आहे? उत्तर लगेच आलं नाही तर पुन्हा विचारू नका, तीन-चार दिवस जाऊ द्या. तोवर तुमच्याकडचा आकडा तुम्ही सांगून टाका. संघाचे नेमके किती हप्ते राहिलेत, माहेरून कधी उसने आणलेत का, भिशीत किती अडकलेत. बहुतेक घरांत बायकोचाही एखादा आकडा झाकलेला असतो, आणि तो आधी बाहेर आला तर समोरच्याला तोंड उघडायला सोपं जातं. मग एक वही करा. एका पानावर देणं, एका पानावर येणं, व्यापाऱ्यांकडचं धरून. सोसायटीत कर्जाचे हप्ते पाडून मागायला जाल तेव्हा दोघं जा आणि वही बरोबर न्या. त्यानंतरच्या रविवारी 'कोशिश' लावा. 'संत तुकाराम' सासूबाईंना विचारून, त्या म्हणतील त्या दिवशी.